तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे

विम्याचा व्यवहार हा अनिश्चिततेचा व्यवहार आहे, असे नोकरीवर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच प्रशिक्षणवर्गात आम्हांस सांगण्यात आले होते; आणि जे घडून गेले आहे, किंवा जे घडणार हे विमा उतरविणाऱ्यास पक्के ठाऊक आहे, त्याचा विमा उतरविता येत नाही, हे त्याच विधानाचे दुसरे अंग म्हणून आम्ही आज्ञाधारकपणे वहीत टिपून घेतले होते. घर पेटल्यावर त्याचा विमा मागू नये, हा नियम इतका उघड न्यायाचा आहे की त्याविषयी शंका काढावी असे आम्हां नवशिक्यांपैकी कोणासही वाटले नाही. आग, सागरी आणि मोटार या खात्यांतून फिरत फिरत सेवेच्या उत्तरार्धात मी मुंबईच्या फोर्ट विभागातील आमच्या कचेरीत परदेश प्रवासविम्याच्या दाव्यांच्या टेबलावर येऊन बसलो, तोपर्यंत या नियमाने मला कधी त्रास दिला नव्हता. कारण पेटलेले घर आणि न पेटलेले घर यांतील भेद डोळ्यांना दिसतो. 2020 साली मात्र घर कोणत्या घटकेला पेटले हे आम्हीच कचेरीत बसून ठरवावयाचे होते, आणि ते ठरविण्याची आमची रीत माझ्या मनास आजतागायत पटलेली नाही.

तत्पूर्वी प्रवासविम्याचे खाते हे तसे संथ खाते होते. हरवलेली बॅग, चुकलेले विमान, मुलाकडे अमेरिकेस गेलेल्या आजोबांच्या छातीत अकस्मात उठलेली कळ आणि त्यापूर्वी त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती की नव्हती याविषयी गावच्या डॉक्टरांकडून मागवावयाचा दाखला, एवढ्यात आमचे विश्व सामावलेले असे. युरोपात जाणाऱ्यास शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत किमान 30,000 युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा कागद जोडावाच लागतो, त्यामुळे पॉलिसी घेणारे पुष्कळ आणि ती वाचणारे विरळा अशी स्थिती होती. पासपोर्ट, फोटो आणि बँकेचे उतारे यांच्या गठ्ठ्यात ठेवण्याचा आणखी एक कागद, याहून अधिक मान त्या पॉलिसीस कोणी देत नसे, आणि खरे सांगावयाचे तर ती विकणाऱ्या आमच्या एजंटांनीही तो कधी दिला नव्हता.

घडून गेलेल्याचा विमा नाही या नियमातून निघालेल्या ‘ज्ञात घटना’ या अपवादाशी माझा संबंध त्यापूर्वी एकदाच आला होता. 14 एप्रिल 2010 रोजी आइसलंडमधील एयाफ्यालायोकुल या हिमाच्छादित ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, त्याच्या राखेमुळे युरोपचे आकाश जवळजवळ आठवडाभर विमानांना बंद राहिले, आणि उद्रेकाची वार्ता जगभर पसरल्यानंतर ज्यांनी पॉलिसी घेतली त्यांना त्या राखेपायी झालेल्या खोळंब्याची भरपाई मिळणार नाही असे विमा कंपन्यांनी जाहीर केले. त्यावेळी याविषयी फारसा आक्रोश झाला नाही, आणि तो न होण्याचे कारण उघड होते: तारीख डोंगराने ठरविली होती. त्या तारखेच्या अलीकडचा ग्राहक अनभिज्ञ आणि पलीकडचा जाणता, ही विभागणी निसर्गानेच करून दिल्यामुळे कारकुनास स्वतःची अक्कल चालविण्याचा प्रसंग आला नाही.

साथीच्या रोगास अशी घटका नसते. वूहान शहरात अज्ञात कारणाच्या न्यूमोनियाचे रुग्ण आढळल्याचे 31 डिसेंबर 2019 रोजी जागतिक आरोग्य संघटनेस कळले; 23 जानेवारीस ते शहर बंद करण्यात आले; 30 जानेवारीस संघटनेने आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी घोषित केली आणि त्याच दिवशी केरळात भारतातील पहिला रुग्ण आढळला. पुढे फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही सुमारे 3,700 माणसांची नौका अडकून पडली, आणि तिच्यावरील भारतीय खलाशांची चित्रे आपल्याकडील दूरचित्रवाणीवर दिसू लागली. तरीही मिरजेच्या किंवा चिपळुणाच्या घरात सहलीची तयारी करीत बसलेल्या माणसास हे सारे दूरदेशीचे संकट वाटत होते, आणि तसे वाटण्यात त्याचा यत्किंचितही दोष नव्हता, कारण मुंबईत बसलेल्या आम्हांसही तसेच वाटत होते. 9 मार्चला, होळीच्याच दिवशी, दुबईची सहल करून आलेले दोघेजण पुण्यात बाधित आढळले, तेव्हा कुठे महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर रोगाचे पाऊल पडल्याची जाणीव झाली. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ हा शब्द उच्चारला, त्याच दिवशी भारत सरकारने बहुतेक व्हिसे स्थगित केल्याचे जाहीर केले, 22 मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली आणि 25 मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, सारा देश घरात बसला.

या तारखांपैकी कोणत्या तारखेस संकट ‘ज्ञात’ झाले असे मानावयाचे, हे ठरविण्यासाठी आमच्या वरिष्ठांची बैठक मार्चअखेरीस भरली. बैठक म्हणजे काय, तर प्रत्येकजण आपापल्या घरातून संगणकाच्या पडद्यावर उपस्थित, आणि कोणाच्या तरी मागे कुकरच्या शिट्ट्या होत असलेल्या. एका तरुण अधिकाऱ्याचे म्हणणे असे की 23 जानेवारी हीच खरी तारीख, कारण कोटीभर वस्तीचे शहर ज्या दिवशी कुलूपबंद होते त्या दिवशी जगातील कोणत्याही सुज्ञ माणसाने सावध व्हावयास हवे. दुसऱ्या एकाचे म्हणणे असे की आपल्या ग्राहकाने वूहानचे नावही तोपर्यंत ऐकलेले नव्हते. वाद बराच वेळ रंगला. परंतु तो मिटविला आमची जोखीम वाटून घेणाऱ्या पुनर्विमा कंपनीकडून आलेल्या पत्राने. आमच्या देशात पुनर्विम्याच्या करारांचे नूतनीकरण बहुधा 1 एप्रिलला होते, आणि नव्या वर्षात संसर्गजन्य रोगांचा भार आपण उचलणार नाही असे तिकडून सुचविण्यात आले होते. अखेरीस दोन तारखा ठरल्या: सहल रद्द झाल्याच्या दाव्यांसाठी 30 जानेवारी आणि परदेशात आजारी पडल्याच्या दाव्यांसाठी 11 मार्च. एकाच संकटाचे ज्ञान एकाच माणसास दोन निरनिराळ्या दिवशी कसे होते, हा प्रश्न बैठकीत कोणी काढला नाही. परिपत्रकाचा मसुदा त्याच दिवशी संध्याकाळी तयार झाला, आणि त्याच्या शिरोभागी ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असे शब्द घातले गेले.

तारीख ठरविण्यास माझा विरोध नव्हता, आजही नाही. कुठेतरी रेघ ओढल्यावाचून विमाव्यवसाय चालत नाही, आणि रेघेच्या अलीकडच्या व पलीकडच्या माणसांत थोडा अन्याय होणारच, हे मानण्याइतकी वर्षे मी या धंद्यात काढली होती. मला खटकले ते असे की मार्चच्या अखेरीस ओढलेली रेघ आम्ही मागे नेऊन जानेवारीत ठेवली, आणि जानेवारी ते मार्च या अवधीत ज्यांच्याकडून आम्ही बिनदिक्कत हप्ते घेतले त्यांना ती रेघ त्यांचा दावा नामंजूर होईपर्यंत दाखविली नाही.

ही गोष्ट माझ्याहून अधिक नेमकेपणाने मांडली ती सांगली जिल्ह्यातील एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी. निवृत्तीच्या पैशांतून सपत्नीक युरोप पाहावा म्हणून त्यांनी दिवाळीच्या सुमारास मे महिन्याच्या सहलीचे पैसे भरले होते, आणि व्हिसाच्या मुलाखतीसाठी लागते म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमची पॉलिसी घेतली होती. सहल रद्द झाली; सहल कंपनीने रकमेचा काही भाग कापून बाकीची पुढल्या वर्षाच्या सहलीसाठी जमा धरली; आणि कापलेली रक्कम विम्यातून मिळावी म्हणून त्यांचा अर्ज माझ्यापुढे आला. अर्ज छापील नमुन्यावर तर होताच, पण त्यास फुलस्केप कागदावर शाईने लिहिलेले, डाव्या बाजूस व्यवस्थित समास सोडलेले पत्र जोडलेले होते, आणि त्यात क्रमांक घालून तीन प्रश्न विचारलेले होते. आपण ज्या दिवशी माझ्याकडून हप्ता घेतला, त्या दिवशी हे संकट आपणांस ज्ञात होते काय? ज्ञात असल्यास हप्ता घेतेवेळी आपण तसे का सांगितले नाही? ज्ञात नसल्यास, ज्या गोष्टीचे ज्ञान विमा कंपनीस नव्हते ते गावच्या निवृत्त शिक्षकास असावयास हवे होते, असे आपण कोणत्या आधारे म्हणता? (दावा अद्याप नामंजूर झालेला नव्हता, परंतु आमच्या ग्राहक सेवेच्या दूरध्वनीवर कोणीतरी त्यांना 30 जानेवारीची तारीख सांगून टाकली होती. कार्यालयीन उपयोगासाठी म्हणून राखलेली गोष्ट कार्यालयात राहते असे सहसा घडत नाही.)

या पत्राने मला सागरी खात्यातील दिवसांत वाचलेल्या एका जुन्या खटल्याचे स्मरण झाले. सुमात्रा बेटावरील बेंकूलेन येथे इंग्रजांचा फोर्ट मार्लबरो नावाचा किल्ला होता. परकी शत्रूने तो घेतल्यास नुकसान भरून मिळावे म्हणून तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याच्या वतीने लंडनमध्ये विमा उतरविण्यात आला. 1760 साली फ्रेंचांनी किल्ला घेतला. आणि किल्ला दुबळा आहे व शत्रू चाल करून येण्याचा संभव आहे हे आपल्यापासून लपविले गेले, अशी तक्रार तो विमा देणाऱ्या बोएमने केली. 1766 साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला तो कार्टरच्या बाजूने. विमा हा परम सद्भावाचा करार आहे हे तत्त्व याच निकालाच्या आधारे आम्हांस शिकविले जाते, आणि ते शिकविताना ग्राहकाने काय काय उघड केले पाहिजे याची यादी आमच्याकडून पाठ करून घेतली जाते. परंतु त्याच निकालाचे दुसरे अर्धांग असे की सद्भावाचे बंधन उभय पक्षांवर सारखेच असते, आणि युद्ध चालू आहे, शत्रू त्या समुद्रात फिरतो आहे, अशा ज्या गोष्टी लंडनच्या बाजारात बसलेल्या विमा देणाऱ्यास माहीत होत्या किंवा माहीत असावयास हव्या होत्या, त्या सांगितल्या नाहीत म्हणून त्यास पुढे हात झटकता येत नाहीत. सर्वांच्या तोंडी असलेली गोष्ट विमा कंपनीसही ठाऊकच आहे असे धरून चालावयाचे, हे तत्त्व आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यातही आलेले आहे. वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून ग्राहकास सारे ज्ञात झाले असे आम्ही म्हणणार असू, तर तीच वर्तमानपत्रे आमच्या कचेरीतही येत होती.

मुख्याध्यापकांचा दावा मात्र नामंजूर झाला, आणि त्यावर मीच सही केली. सहल रद्द होण्याची जी कारणे पॉलिसीत नामनिर्देशाने दिलेली होती त्यांत विमेदाराचा वा त्याच्या निकटच्या नातलगाचा मृत्यू, गंभीर आजार, घरास आग किंवा पूर अशा गोष्टी होत्या. सरकारने सीमा बंद करणे हे कारण त्यांत नव्हते, आणि जे कारण यादीत नाही त्याचे पैसे देण्याचा अधिकार माझ्या खुर्चीस नव्हता. त्या वर्षी जे दावे फेटाळले गेले त्यांतील कितीतरी या साध्या कारणाने फेटाळले गेले, ज्ञात संकटाच्या अपवादापर्यंत जाण्याची गरजच नव्हती. पण आमच्या विधी विभागाकडून आलेल्या उत्तराच्या मसुद्यात पहिल्या कारणाखाली दुसरे कारणही घातलेले होते: सदर संकट पॉलिसी घेतेवेळी अर्जदारास ज्ञात होते. ते वाक्य मी काटले आणि समासात शेरा मारला की एक कारण पुरेसे असताना, ज्याची शाबिती आपल्याजवळ नाही असे दुसरे कारण अर्जदाराच्या माथी मारू नये. हप्त्याची रक्कम तेवढी त्यांना परत मिळाली, तीही सेवाशुल्काची वजावट होऊन, आणि प्रवास झाला नाही हे सिद्ध करण्यासाठी पासपोर्टच्या सर्व कोऱ्या पानांच्या छायाप्रती त्यांना टपालाने पाठवाव्या लागल्या. शेवटच्या पानावर त्यांनी स्वाक्षरी करून ‘खरी प्रत’ असे लिहिले होते.

दुसरे प्रकरण तारखेच्या पोटातले. ठाण्याचे एक गृहस्थ न्यू जर्सीत मुलाकडे जाण्यास निघाले, एजंटाच्या मार्फत त्यांनी पॉलिसी घेतली ती नेमकी 11 मार्चला, आणि तेथे पोहोचल्यावर पंधरवड्याच्या आत रोगाने गाठून त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. अमेरिकेतील रुग्णालयाचे देयक कसे असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या कागदाच्या लांबीविषयी सांगावयास नको. परिपत्रकाचे शब्द ‘11 मार्च व तदनंतर’ असे होते, तेव्हा प्रकरण ‘नो क्लेम’ म्हणून बंद करावे असा शेरा माझ्या हाताखालील कनिष्ठाने मारून ठेवला होता, आणि शब्दशः पाहता तो चुकला नव्हता. परंतु आजकालच्या पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते, आणि ती वेळ सकाळी दहाच्या सुमाराची होती. महासाथ हा शब्द जिथे उच्चारला गेला ती जिनिव्हातील पत्रकार परिषद तिकडे संध्याकाळी झाली, म्हणजे आपल्याकडे रात्र झाली होती. सकाळी दहा वाजता जे जगात कोणीच उच्चारले नव्हते ते ठाण्याच्या माणसास ज्ञात होते असे म्हणावयाचे असेल, तर आपण विमा कंपनी चालवीत नसून ज्योतिषाचा धंदा करीत आहोत, असे मी टिपणीत लिहिले. ‘ज्योतिषाचा धंदा’ हे शब्द वरून काटून आले, पण दावा मंजूर होऊन आला. संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हा न्यायालयांचा जुना दंडक आमच्या विधी विभागासही ठाऊक होता.

याच सुमारास देशांतर्गत आरोग्यविम्याच्या टेबलावर असले वाद फारसे उठत नव्हते, कारण विमा नियामक प्राधिकरणाने 4 मार्चलाच परिपत्रक काढून, ज्या पॉलिसीत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे तीत या रोगाचे दावेही त्वरेने निकालात काढावेत असे बजावले होते.

सर्वांत अधिक मनस्ताप ज्या प्रकरणाने दिला त्यात रक्कम फार नव्हती आणि रोगही महासाथीचा नव्हता. नाशिककडच्या एक बाई मुलीच्या बाळंतपणासाठी नोव्हेंबरात अमेरिकेस गेल्या होत्या. आपल्याकडच्या किती आया या कारणाने तिकडे जातात, सहा महिने थंडीत डिंकाचे लाडू आणि बाळाची अंघोळ करतात आणि परतीच्या तिकिटावर बोट ठेवून दिवस मोजतात, हे निराळे सांगावयास नको. बाईंचे परतीचे तिकीट एप्रिलचे होते, विमाने थांबली, आणि मेमध्ये पॉलिसीची 180 दिवसांची मुदत संपली. मुदतवाढ मिळत होती, पण त्यासाठी प्रकृती उत्तम असल्याचे प्रतिज्ञापत्र लागे, आणि फेब्रुवारीत बाईंना छातीत दुखू लागल्यामुळे दोन रात्री रुग्णालयात काढाव्या लागल्या होत्या, ज्याचे पैसे आमच्याच कंपनीने भरले होते. तेव्हा वाढीव मुदतीत हृदयविकार वगळण्यात येईल, कारण तो आता ज्ञात आहे, असे आमचे उत्तर गेले. मुलीचे दूरध्वनी मला येत. पहिल्या दोन-तीनदा ‘सर’ म्हणणारी ती पुढे ‘काका’ म्हणू लागली होती. “काका, आई इकडे हौसेने थांबलीये का हो?” असे तिने एका रात्री विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही, परंतु त्यानंतर पुष्कळ दिवस मी स्वतःशी ते जुळवीत राहिलो. ज्ञात संकटाचा अपवाद न्याय्य का ठरतो? माणसास धोका दिसत असतो, न जाण्याची मुभा असते, आणि तरीही तो दुसऱ्याच्या पैशावर धोका पत्करू पाहतो, म्हणून. केवळ ज्ञान असणे हा त्या अपवादाचा पाया नव्हे. ज्ञान असून निवड करता येणे हा त्याचा पाया आहे. ज्या बाईस आपल्या सरकारने देशात येऊ दिले नाही, ज्या देशात ती होती तेथून निघण्याचे साधन उरले नव्हते, तिला आपल्या हृदयाची अवस्था ठाऊक होती एवढ्यावरून तिचे संरक्षण काढून घेणे हे नियमाच्या शब्दांस धरून होते आणि नियमाच्या हेतूस सोडून होते. मी तसे टिपण वर पाठविले. उत्तर आले की मुदतवाढीच्या अटी सर्वांस समान आहेत. परदेशी अडकलेल्यांना आणण्यासाठी 7 मेपासून सुरू झालेल्या ‘वंदे भारत’ विमानांपैकी एकात जूनमध्ये बाईंना जागा मिळाली आणि त्या सुखरूप घरी पोहोचल्या. वाढीव हप्ता त्यांच्या जावयाने भरला होता, आणि त्या हप्त्याच्या बदल्यात बाईंच्या ज्या एका अवयवास खरी धास्ती होती त्याचे संरक्षण त्यांना मिळाले नव्हते.

मी निवृत्त झालो त्यास आता काही काळ लोटला. त्यानंतरच्या पॉलिसींत या रोगासाठी स्वतंत्र कलमे आली, काही कंपन्यांनी जादा हप्ता घेऊन त्याचे संरक्षणही देऊ केले, आणि ही सुधारणा मानली पाहिजे. परंतु उद्या दुसरा एखादा रोग, दुसरे एखादे युद्ध किंवा दुसरा एखादा ज्वालामुखी उद्भवेल तेव्हा तारीख पुन्हा कचेरीतच ठरेल. ती ठरावी, पण ज्या दिवशी ठरते त्या दिवशी ती जाहीर व्हावी, मागील दिवसांस लागू करू नये, आणि जाहीर झाल्यानंतरही पॉलिसी विकावयाची असेल तर कोणत्या गोष्टीचे पैसे मिळणार नाहीत हे पावतीवर, ग्राहकाच्या भाषेत, हप्त्याच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत छापलेले असावे. जी जोखीम आपण उचलणार नाही हे कंपनीने मनाशी ठरविले आहे, तिच्या नावे हप्ता घेत राहणे यास व्यापार म्हणता येणार नाही.

वाचकांपैकी ज्यांना परदेशी जावयाचे असेल त्यांना माझी विनंती आहे की पॉलिसी घेताना एजंटास एवढेच विचारावे: सध्या कोणत्या घटना तुमच्या कंपनीने ज्ञात म्हणून धरल्या आहेत आणि कोणत्या तारखेपासून? उत्तर ईमेलने, लेखी मागावे. आणि दावा फेटाळला गेलाच, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी, आणि महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत, तेथे शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही.